दुधनीची लेथ

लाकूड फुटल्याचा आवाज दाक्षायणीला आधी ऐकू आला, कपाळ दुखायला लागलं ते नंतर. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी कुंभारी गावातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर लाकडाचे वाडगे कातायची. सगळं मोबाइलवर बघून शिकलेलं. त्या दिवशी फिरत्या बाभळीच्या ठोकळ्यातून ढलपा उडाला आणि भुवईवर बसला. टाके घालावे लागले.

नवरा नंदीश ओरडला नाही. दवाखान्यातून परतताना म्हणाला, "शिकवणारं कुणीतरी शोध. नाहीतर मशीन काढून टाकू."

शोधायचं कुठं? सोलापुरात लेथ पुष्कळ, पण लोखंड कातणाऱ्या. फर्निचरवाले म्हणाले, टेबल-खुर्च्यांचे पाय तयारच येतात, आता कातत कोण बसतंय! शेवटी पोळपाट-लाटणी विकणाऱ्या एका दुकानदाराने दुधनीचा पत्ता दिला. "चंद्रव्वाकडं जावा. पण बाई लई तापट हाय."

साठी ओलांडलेली चंद्रव्वा सासऱ्याच्या हाताखाली शिकलेली. अजून पाळण्याचे खांब कातायची. तिने दाक्षायणीच्या टाक्यांकडे पाहिलं.

"शिकायचंय व्हय? मग चालव की. बघू दे."

सोबत आलेला नंदीश दाराशीच थांबला. दाक्षायणीने ओढणी काढून ठेवली, चष्मा चढवला, चंद्रव्वाच्या लेथचं बटण दाबलं. सागाचा ठोकळा गरगरू लागला. तिने पटाशी पुढे नेली. धार लाकडात रुतली, खाडकन आवाज झाला आणि पटाशी हातातून सुटून फरशीवर घरंगळत गेली.

नंदीशने धावत येऊन बटण बंद केलं. "बास झालं. चल घरी."

"तुमी जरा गप ऱ्हावा," चंद्रव्वा म्हणाली. मग दाक्षायणीकडे वळली. "हत्यार लाकडाला लागतंय तवा तू डोळे का मिटतीस?"

"भीती वाटते, अव्वा. पहिल्या दिवसापासून."

"मला कधी बोलली नाहीस," नंदीश म्हणाला.

"बोलले असते तर मशीन ठेवू दिलं असतंस?"

चंद्रव्वाने पटाशी उचलून पुन्हा तिच्या हातात दिली.

"भ्या वाटू दे. मलाबी वाटतं. आदी हत्यार ह्या आडव्या टेकूवर घट्ट. मग त्याची पाठ लाकडावर नुसती घासू दे. मग मूठ हळू वर. धार सगळ्यात शेवटी. आन् डोळे उघडे!"

लेथ पुन्हा सुरू झाली. चंद्रव्वा हात मागे बांधून उभी राहिली. मदतीला एक बोटही पुढे केलं नाही. दाक्षायणीचे टाके ठणकत होते. पाठ घासली. काही झालं नाही. तिने मूठ किंचित उचलली, पापण्या थरथरल्या, तरी मिटू दिल्या नाहीत. पटाशी एकदा अडखळली. नंदीशचा हात बटणाकडे गेला.

"न्हाय!" चंद्रव्वा खेकसली.

दाक्षायणीने मूठ खाली घेतली, श्वास सोडला, पुन्हा उचलली. सागाची लांब, पातळ ढलपी सुटून तिच्या मनगटावर पडली. मग दुसरी.

"रविवारी ये," म्हणून चंद्रव्वा चुलीकडे वळली.

परतताना वळसंगला चहाला थांबल्यावर नंदीश म्हणाला, "आत उभा नाही राहणार मी. बघवत नाही मला."

"नको राहूस."

"दारात सोडीन. संध्याकाळी न्यायला येईन."

दाक्षायणीने होकार दिला. कप तोंडाला लावताना तिचे हात अजून कापत होते, म्हणून त्याने खालून बशी धरली.