ओळख पटलेला डोळा

तेरखेड्याच्या सुंदरामावशीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. खासगी दवाखान्यानं सांगितलेला आकडा ऐकून तिच्या चांगल्या डोळ्यापुढंही अंधारी आली. म्हणून ती फुकट शस्त्रक्रियेचं कार्ड काढायला धाराशिवला आली.

यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. फटाक्यांत दारू भरता भरता बोटांच्या रेषा कधीच झिजल्या होत्या.

"मतदानाला ह्याच हाताच्या बोटाला शाई लावली की," मावशी म्हणाली. "तवा कुणी रेषा बघितल्या न्हाईत!"

"ते यंत्राला सांगा, मावशी," खिडकीतला कारकून नंदीश हसला. "आता डोळे दाखवा बघू."

मोतीबिंदूचा उजवा डोळा यंत्राला काही ओळखू येईना. डावा मात्र झटक्यात ओळखला. नंदीशनं बटणं बडवली आणि तो आनंदानं ओरडला, "मंजुरी आली! डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया!"

"आरं, डावा चांगला हाय!"

"पण ओळख त्याचीच पटलीय. बदलायचं तर मुंबईला अर्ज करावा लागंल."

मावशीनं घाईघाईनं डाव्या डोळ्यावर पदर धरला.

"सरकारनं माझा एवढाच तुकडा वळखला," ती म्हणाली, "आन् त्योच कापाया निघालं व्हय?"