फुलं उमलायच्या आधी

सोमनाथ पठाडे हा पुंडलिकनगरातला साधा, बँकेत नोकरी करणारा माणूस. पण बागेचं खूळ डोक्यात शिरलं आणि तो बिघडला. बिघडला म्हणजे काय, तर घरापुढच्या पट्टीत त्यानं जमिनीवर पसरणारी फुलझाडं लावली. सगळी दुनिया त्या फुलांना 'ऑफिस टाइम' म्हणते, कारण ती दहाच्या सुमाराला उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. सोमनाथ मात्र 'पोर्चुलाका' म्हणायचा, आणि समोरच्यानं ऑफिस टाइम म्हटलं की हसून दुरुस्तही करायचा. हा शब्द त्यानं आरशापुढं उभं राहून घोटला होता, हे फक्त त्याच्या बायकोला, श्रेयाला माहीत होतं.

निवड मात्र शहाण्या माणसाची होती. ज्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं हिरवळीचे चोचले परवडत नाहीत. हे झाड थोडक्या पाण्यावर भर उन्हात फुलतं, बोटभर काडी खोचली तरी लागतं. सोमनाथनं मुद्दाम चपट्या पानांची नवी जात मागवली, कपडे धुतलेलं पाणी बादल्यांनी घातलं, आणि उन्हाळा संपेस्तोवर फाटकापासून पायरीपर्यंत गुलाबी, पिवळ्या, केशरी फुलांचा गालिचा झाला. येणारेजाणारे थांबून फोटो काढायला लागले.

दौलताबादजवळच्या खेड्यातून शहरात येऊन त्याला वीस वर्षं झाली होती. बोलणं धुऊन-पुसून स्वच्छ केलं होतं. तरी एक भीती काही केल्या जात नव्हती, की कधीतरी कुणीतरी आपल्याला गावंढळ म्हणेल. म्हणून तर तो बागप्रेमींच्या मंडळात शिरला. तिथल्या अध्यक्ष उमाताई, ज्योतीनगरात मोठा बंगला, बोलणं मऊ. त्या एकदा म्हणाल्या, "तुम्हाला चांगली जाण आहे हो, पठाडे," तर हा गडी दोन दिवस जमिनीला पाय लावेना. आता रविवारी मंडळाची माणसं त्याची बाग बघायला येणार होती. बक्षिसाची त्याला हाव नव्हती. त्या माणसांनी आपल्याला त्यांच्यातलं समजावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

नेमकी शनिवारी दिवे लागल्यावर माय आली. सारजाबाई, सोमनाथची आई. श्रेया माहेरी अजिंठ्याला गेलेली, लेकाच्या जेवणाचे हाल होत असतील म्हणून पिशवीत भाकरी बांधून म्हातारी एसटीनं आली होती.

"उद्या मोठी माणसं येणारेत, माय," सोमनाथ म्हणाला. "बाग बघायला."

"येऊ दे की," माय म्हणाली. "म्या करती च्या."

तिनं येताना बाग पाहिली होती. पण संध्याकाळी, म्हणजे सगळी फुलं मिटलेली.

रविवारी सकाळी सोमनाथ गुलमंडीवर इमरती आणायला गेला. दुकानात गर्दी, परत येईपर्यंत दहा वाजत आले. फाटक उघडलं आणि त्याच्या हातातला पुडा सुटायचाच राहिला. पट्टीत नुसती काळी माती होती. भुसभुशीत, हातानं सारखी केलेली, वर एक पान नाही. कोपऱ्यात उपटलेल्या वेलींचा ढीग, आणि पायरीवर त्याचंच छोटं खुरपं घेऊन घाम पुसत बसलेली माय. चेहरा असा, की आता लेक शाबासकी देणार.

"लई घोळ माजली व्हती रं दारात," ती म्हणाली. "म्हटलं सूनबाई नाय, तुला टाइम नाय. मोठी मान्सं यायची अन् शेतकऱ्याच्या पोराच्या दारात तण! हसत्याल की तुला. निवडून भाजी बी टाकली, मुगाची डाळ घालून."

चूक तशी साधी होती. घोळ ही शेतात आपोआप उगवणारी रानभाजी. तिची पानं आणि या पोर्चुलाकाची पानं शेजारी ठेवली तर भल्याभल्यांना ओळखू यायची नाहीत. फरक करतं ते फूल, आणि फूल उमलायच्या आधीच मायनं काम उरकलं होतं. जन्मभर जे हात तण काढत आले ते दारातलं तण कसं सोडतील?

"माय, अगं ती फुलं होती!" सोमनाथचा आवाज चिरकला. "मी लावली होती. तीच बघायला लोक येणारेत!"

मायचं तोंड एवढंसं झालं. ती काही बोलणार तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. उमाताई आणि मंडळातले दोघे उतरले.

"अरेच्चा! पठाडे, हे काय झालं?"

"ते… जरा…" सोमनाथ इमरतीचा पुडा या हातातून त्या हातात करत राहिला.

"म्या काढलं, बाई," माय उठून म्हणाली. "मला वाटलं घोळ हाय."

उमाताईंनी तिच्याकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी, मातीचे हात. मग सोमनाथकडं वळून त्यांनी अगदी सहज विचारलं, "या मावशी कामाला आहेत का तुमच्याकडे?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? 'माझी आई' एवढे दोनच शब्द. पण सोमनाथला तेव्हा फक्त मंडळातल्या त्या दोघांचं दाबलेलं हसू दिसलं.

"हो," तो म्हणाला. "गावाकडच्या आहेत. नवीन आहेत अजून."

मायकडं बघायची त्याची छाती झाली नाही. त्याला फक्त तिचा आवाज ऐकू आला. "चुकलं साहेब माझं," ती म्हणत होती. "पुन्यांदा नाय व्हायचं."

"असू दे हो मावशी," उमाताई म्हणाल्या. बाई खरंच चांगल्या होत्या. "काड्या परत खोचा, महिन्याभरात होईल सगळं. पण हात काय आहे हो तुमचा! एक मूळ तुटलं नाही. आमच्या बागेत लव्हाळा माजलाय, कुणाला म्हणून काढता येत नाही. पठाडे, उद्या पाठवाल का यांना? मी ड्रायव्हर पाठवते."

माय सोमनाथच्या तोंडाकडं बघत राहिली. आणि सोमनाथ म्हणाला, "पाठवतो की."

पाहुणे इमरती खाऊन गेले. मायनंच बशा भरून दिल्या, त्यांच्यापुढं ती बसली नाही. नंतर घरात दोघंच उरले तेव्हा सोमनाथ कसाबसा म्हणाला, "माय, तसं म्हणावं लागलं गं."

"व्हय. बरं केलंस," माय म्हणाली. "नायतर हसले असते तुला."

ती रागावली असती, रडली असती, 'मेल्या, नऊ महिने वाहिलं तुला' म्हणाली असती, तर त्याला सोसलं असतं. तिनं त्याला माफसुद्धा केलं नव्हतं, कारण माफ करण्यासारखं काही झालं असं तिला वाटतच नव्हतं. सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटातली भाजी त्याला गिळवेना. सकाळी उमाताईंना फोन करू, बाई आजारी पडली म्हणू, असं त्यानं ठरवलं. म्हणजे आणखी एक खोटं. खरं सांगायचं मात्र अजूनही त्याच्या मनात आलं नव्हतं, हे लिहायला हवं.

सकाळी उठला तर घर रिकामं. ओट्यावर भाकरी झाकून ठेवलेली. ड्रायव्हर येऊन गेला होता आणि माय त्याच्याबरोबर गेली होती. लेकानं पाठवतो म्हणून शब्द दिला होता, तो तिनं पाळला.

सोमनाथनं तसंच पायजम्यावर गाडी काढली आणि ज्योतीनगर गाठलं. उमाताईंच्या बागेत माय उकिडवी बसून लव्हाळा काढत होती. शेजारी खुर्चीवर उमाताई. त्यांच्या हातात कप, मायच्या बाजूला स्टीलचा पेला.

"या, या पठाडे!" उमाताई उठल्या. "अहो, सोनं आहे तुमची बाई. सकाळपासून तुमचंच कौतुक चाललंय. म्हणाल्या, साहेब मला पोटच्या लेकावानी बघतात. मी आजारी पडले तर उशाशी बसतात. आधी मला वाढतात, मग स्वतः जेवतात. हल्ली सख्खी मुलं विचारत नाहीत हो आईला."

यातलं एकही खरं नव्हतं. मागच्या वर्षी मायला टायफॉइड झाला तेव्हा तो गावी एक दिवस जाऊन आला होता. सोमनाथचे कान तापले. जनाची लाज राखायला गेलेल्या माणसाला मनाच्या लाजेनं आता धरलं ते सोडेना.

"ती माझी माय आहे," तो म्हणाला.

"अहो, तेच तर सांगत होत्या त्या!" उमाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्या दोघांकडं पाहिलं ते देवळात पाहावं तसं. "असं मानणारी माणसं राहिली कुठं?"

मानलेली नाही, सख्खी. मला जन्म दिलेली. काल मी खोटं बोललो. सगळं ओठांवर आलं होतं. पण उमाताईंच्या डोळ्यांत आपल्याबद्दलचा जो आदर त्यानं आजवर धडपडून मागितला होता, तो आता ओसंडून वाहत होता. सोमनाथ एक क्षण थांबला. तेवढं मायला पुरलं. तिनं हात झटकले आणि लगबगीनं उठली.

"चला साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला बँकेला उशीर व्हतोय."

गाडीपाशी येऊन त्यानं पुढचं दार उघडून धरलं. मायनं एकवार मागं पाहिलं. उमाताई फाटकात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. मायनं आपल्या हातानं मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

सोमनाथनं पुढचं दार लावलं आणि गाडी सुरू केली.