फॅमिली फोटोतली कुंडी

गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ असलेल्या फोटोग्राफरला सगळे 'हनुवटी' म्हणत. पंचवीस वर्षं तो स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत आला होता, "हनुवटी थोडी वर." न्यायाधीश असो नाहीतर पाकीटमार, पासपोर्ट फोटोपुरतं का होईना, प्रत्येकाला त्याने ताठ मानेने बसवलं होतं.

अशा माणसाच्या घरात एका मंगळवारी अकरा सेकंदांची क्लिप शिरली.

क्लिपमध्ये शाळेची गच्ची होती, पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या आडोशाला हनुवटीच्या सोळा वर्षांच्या मुलीने वर्गातल्या एका मुलाच्या गालावर ओठ टेकवले होते. बस्स. शेवटचे चार सेकंद तर नुसती टाकीच होती. समोरच्या इमारतीतून कुणीतरी हे चोरून टिपलं, कुणीतरी पुढे पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीने ती टाकीसुद्धा मन लावून पाहिली.

मुलाची मित्रांनी पाठ थोपटली. मुलीबाबत मात्र शाळेचं, शेजाऱ्यांचं आणि खुद्द बापाचं एकमत झालं, की हिने आता मान खाली घालून राहावं.

घर उसवायला वेळ लागला नाही. "आधी पोरीला काय झालं ते तरी विचारा," असं म्हणणारी बायको, विचारणं होत नाही म्हटल्यावर लेकीच्या खोलीत राहायला गेली. तिघं तीन वेळा जेवू लागली. 'मीठ कुठे आहे?' हे फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून विचारावं लागे. बायको नर्स असल्याने उत्तर येई, 'वरचा कप्पा. जेवणाआधी.'

हनुवटीने मुलीचा फोन कपाटात कुलूपबंद केला. मग स्टुडिओच्या शोकेसमधला फॅमिली फोटो उतरवला, कॉम्प्युटरवर घेतला आणि मुलीच्या जागी एक कुंडी बसवली. कुंडी झकास जमली. फक्त घाईघाईत मुलीचा डावा हात तसाच राहिला. आता शोकेसमध्ये नवरा, बायको आणि मध्ये एक रोपटं होतं, आणि त्या रोपट्याने बापाच्या खांद्यावर मायेने हात ठेवला होता.

"ही कुंडी कुणावर गेलीय हो?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आईवर," हनुवटी सवयीने म्हणाला.

शनिवारी शाळेचा निरोप आला. शाळेच्या लौकिकासाठी विद्यार्थिनीने स्वखुशीने शाळा सोडावी. अर्ज सोबत जोडला आहे. पालकांची सही आणि विद्यार्थिनीचा अलीकडचा फोटो लावून सोमवारी अकरा वाजता आणून द्यावा. परीक्षा सात आठवड्यांवर आली होती. हनुवटीने सही ठोकून दिली. राहिला फोटो.

रविवारी सकाळी मुलगी स्टुडिओत आली. सोबत तिची आत्या होती. आत्या म्हणजे हनुवटीची थोरली बहीण, कोर्टातली निवृत्त स्टेनो. तीस वर्षं तिने माणसांचं खोटं शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे लोक जपूनच बोलत.

मुलगी स्टुलावर बसली. दिवे लागले. हनुवटीने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी थोडी वर."

मुलगी हलली नाही.

"एकदा काय ते ठरवा बाबा," ती म्हणाली. "घरात मान खाली, इथे हनुवटी वर. मला मान एकच आहे."

आत्या फिसकन हसली.

"हसू नकोस ताई! काय अब्रू राहिलीय आमची?"

"मला ती क्लिप कुणी पाठवली, आठवतंय?"

"कुणी?"

"तू! नातेवाइकांच्या ग्रुपवर. थांब, वाचून दाखवते." आत्याने चष्मा चढवला आणि कोर्टातल्या आवाजात वाचलं, "'सर्वांना हात जोडून विनंती, खालील क्लिप कोणीही पुढे पाठवू नये.' आणि खाली क्लिप! बासष्ट माणसं आहेत त्या ग्रुपवर. निम्म्यांना काही पत्ताच नव्हता."

"कुठली क्लिप ते कळायला नको?" हनुवटी पुटपुटला.

"अरे शहाण्या! ज्याने चोरून शूटिंग केलं तो मोकळा. ज्यांनी घरोघर वाटलं ते मोकळे, त्यात तूही आलास. आणि शिक्षा जिचं चोरलं तिला? घरी चोरी झाली तर घरमालकाला आत टाकतात का? पोरीचं काही चुकलंय असं वाटत असेल तर तिच्यासमोर बसून बोल. पण लोकांच्या वतीने तिला शाळेबाहेर काढायला तुला नेमलंय कुणी?"

 हनुवटीने पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. मुलगी रडत नव्हती, थेट त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते त्याला आज दिसलं! क्लिप त्याने पाच दिवस रोज पाहिली होती, मुलीकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं!

त्याने दिवे बंद केले.

"चुकलो गं," तो म्हणाला. "तुला काय हवंय?"

"वर्गात बसायचंय. परीक्षा द्यायचीय. दुसरं काही नको."

सोमवारी अकरा वाजता नवरा, बायको आणि मुलगी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. तिथे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पालक संघाच्या अध्यक्षा गंभीर चेहऱ्याने बसले होते.

"अर्ज आणलात?"

"आणलाय." हनुवटीने अर्ज टेबलावर पालथा ठेवला. "आधी एक विचारतो. क्लिप कुणी कुणी पाहिलीत?"

"चौकशीसाठी पाहावीच लागली," मुख्याध्यापक म्हणाले.

"किती वेळा?"

"दोन-तीनदा," अध्यक्षा म्हणाल्या. "म्हणजे, खात्री करायला."

उपमुख्याध्यापक प्रामाणिक गृहस्थ होते. "नऊ," ते म्हणाले.

"माझ्या मुलीने एकदा केलं, सर. तुम्ही नऊदा पाहिलंत. शाळा नेमकी कुणी सोडायची?"

 हनुवटीने पेन काढलं आणि अर्जाच्या कोऱ्या बाजूवर पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहायला घेतली. अल्पवयीन मुलीचं चोरून चित्रीकरण करणाऱ्याविरुद्ध आणि ते पसरवणाऱ्या सर्वांविरुद्ध. पसरवणाऱ्यांत पहिलं नाव त्याने स्वतःचं लिहिलं. तिथे त्याचा हात थबकला.

"लिहा हो पुढे," बायको म्हणाली. सहा दिवसांत ती नवऱ्याशी चिठ्ठीशिवाय पहिल्यांदाच बोलली होती.

"अहो, एवढी नावं त्या कागदावर मावायची नाहीत," मुख्याध्यापक चाचरत म्हणाले.

"मग पुरवण्या द्या सर," मुलगी म्हणाली. "शाळेत काय तोटा आहे?"

मुख्याध्यापकांनी टेबलाभोवतीचे चेहरे पाहिले, पुरवण्यांचा अंदाज घेतला आणि घसा साफ केला. "तू... तू वर्गात जा बाळ."

वाचकहो, अशी क्लिप उद्या तुमच्याही फोनवर येईल. पाठवणारा हळहळत पाठवेल, हात जोडून पाठवेल, 'सावध राहा' म्हणून पाठवेल. ती तिथेच थांबवा! आणि ती आपल्याच लेकराची असेल, तर जग काय म्हणेल हे ऐकायला धावू नका, आधी लेकराशेजारी जाऊन उभे राहा. बदनामी मुलं करत नाहीत, ती आपण करतो, घरबसल्या, एका अंगठ्याने!

वर्गात गणिताचा तास अर्ध्यावर आला होता. मुलगी दारात उभी राहिली. बाईंनी फळ्याकडून मान वळवली.

"इतका उशीर?"

"शाळा सोडायला गेले होते बाई," ती म्हणाली. "जमलं नाही."