धूळपाटीवरचा हात

प्लेगानं कोल्हापूर रिकामं केलं, शाळांना कुलपं पडली, आणि बाबालाल मणेर आपली बांगड्यांची पेटी नि दोन पोरं घेऊन माळावरच्या झोपडीत राहायला आला, तेव्हा त्याला धंद्यापेक्षा मोठी एकच काळजी होती : पोरांना अक्षर कसं शिकवायचं. बायको फातिमा आदल्या साथीत गेली. जाताना तिनं एवढंच मागितलं होतं, "पोरांस्नी माझ्यागत अंगठ्याचं ठिवू नगासा."

बाबालाल स्वतः शाळेत गेलेला नव्हता. मुरगूड-गारगोटीचे बाजार करता करता, दुकानांच्या पाट्या बघून तो वाचायला शिकला. 'तेल' हा शब्द त्याला तेल्याच्या दारावर सापडला. त्यात दोन अक्षरं असतात हे वर्षभरानं कळलं, तोवर तो त्याला घाण्याचं चित्रच समजत होता, आणि ही गोष्ट तो बायकांच्या हातात बांगड्या भरताना हमखास सांगे. म्हणून त्याचं म्हणणं, पोरांना आधी सबंध शब्द दाखवावा. शेजारच्या झोपडीतले म्हातारे जोतीराम पंतोजी मात्र हटून बसले.

"बाबालाल, बांगडी भरताना तू हात नुसता बघतोस, का दाबतोस?"

"दाबतो की."

"मग? अक्षर बी हाताला कळाय लागतंय. धूळपाटी कर, पोराचा हात धर नि गिरवून घे."

मणेराला हे पटलं. त्यानं फळीवर विटेची भुकटी पसरली आणि सहा वर्षांच्या लेकीचा, नजीराचा, हात धरला. पण त्याचा हात धरून कधी कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याच्या अक्षराला वळण कुठलं असणार! पोरगी हिरमुसली. पंतोजींचे हात तर कापत. मग पोरं आपली आपणच फळी घेऊन झोपडीमागच्या बाभळीखाली बसू लागली, आणि एका दुपारी बाबालालनं पाहिलं, तर धुळीत असा टपोरा, वळणदार 'फ' उमटला होता की तो बघतच राहिला.

"पंतोजी आलतं व्हय गं?"

"न्हाय. ती धरती हात."

"ती कोण?"

नजीरानं आणि धाकट्या दिलदारनं एकमेकांकडं बघितलं, जणू अब्बानं काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. अक्षराशेजारी बारीक कमानी होत्या, लिहिताना टेकलेल्या मनगटावरच्या बांगड्यांच्या. आई गेल्यापासून नजीरानं हातात बांगडी भरू दिली नव्हती.

फातिमाला अक्षर येत नव्हतं, हे बाबालालला आठवलं. पण तिकडं निवांतपणी शिकली असेल, अशी त्यानं आपली समजूत घातली. कोल्हापुरातलं कुठलंही मनगट नुसत्या नजरेनं मापणाऱ्या त्या माणसानं त्या कमानींचं माप तेवढं काढलं नाही.

पोरं भराभर लिहू लागली. "बघ माझी रीत!" म्हणून पंतोजी मिशीत हसत. बाबालाल रोज फळीवर ताजी भुकटी चाळून ठेवी आणि जाता जाता बाभळीकडं बघून हळूच म्हणे, "लई दमू नगंस."

शेवटी त्यालाही मोह झाला. एका दुपारी तो पोरांच्या मधे जाऊन बसला, डोळे मिटून त्यानं बोट धुळीत टेकवलं. थोड्या वेळानं एक गार हात त्याच्या हातावर आला आणि मायेनं, अगदी सावकाश, त्याचं वाकडं अक्षर वळवू लागला. बाबालालच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. जन्माच्या सवयीनं त्याचा डावा हात पुढं झाला नि त्यानं तो हात अंगठ्याच्या बुडाशी दाबला, बांगडी भरताना दाबतात तसा.

फातिमाचा अंगठा मेणासारखा आत वळे. हा वळला नाही. असला हात त्यानं उभ्या जन्मात, कुठल्याच बाजारात, दाबला नव्हता.

त्यानं डोळे उघडले नाहीत. बोट धुळीत फिरतच राहिलं.

"अब्बा, सरका की," दिलदार लाडानं त्याला रेलत म्हणाला, "आता माझी पाळी हाय."