रामाचार्यांचे उघडे कान

मी एक स्टेथोस्कोप आहे, आणि मला एका माणसाच्या उघड्या कानांचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो. सभ्यतेचा आव आणणं मला जमत नाही.

जन्म माझा विलायतेतला. डॉक्टर अच्युतरावांनी मला मुंबईच्या दुकानातून हुमनाबादला आणलं. इथे मला सगळे 'नळी' म्हणतात. नळी लागली की अर्धं दुखणं पळालं, अशी माझी ख्याती. मी गळ्यात असायचो म्हणून तर गावाला ते डॉक्टर वाटायचे!

बायकांना तपासायची तऱ्हा ऐका. बाई पडद्याआड. माझी चकती नवऱ्यानं धरायची, पदरावरून टेकवायची. दुखणं सासूनं सांगायचं. बाईच्या तोंडून एक अक्षर न येता तिचा निकाल लागायचा, आणि शिकलेसवरलेले अच्युतराव ते चालवून घ्यायचे. मीही घ्यायचो. माझा तोरा त्यावरच उभा होता.

१९५४ साली दुबलगुंडीचा महादेवप्पा बायकोला, दानम्माला, घेऊन आला. बाळंत होऊन तीन महिने झालेले. त्याची आई भागम्मा तान्हं लेकरू खांद्यावर टाकून बोलत होती.

"जेवत न्हाई, झोपत न्हाई. लेकरू रडायलंय तरी हात लावत न्हाई. कामून म्हणून इचारलं तर भिंतीकडं बघायली."

मी टेकलो. ठोके स्वच्छ.

"छातीत काही नाही," अच्युतराव म्हणाले.

"मग ढोंग हाय, न्हाईतर येड हाय. लेकरू मी ठेवून घेते, हिला माहेरी धाडते. ह्याच्यासाठी आळंदची दुसरी पोरगी बघून ठेवली हाय."

चकती अजून पदरावरच होती. आतले ठोके एकाएकी उधळले. अच्युतरावांच्या कानात मीच ते पोचवले. ते दचकले.

"घाई करू नका. गुलबर्ग्याला महिन्यातून एकदा हैदराबादहून डॉक्टर रामाचार्य येतात. मनाच्या आजारांचे डॉक्टर. मी येतो बरोबर."

"पागलखान्याचा डाक्टर?" महादेवप्पा अच्युतरावांशी कुजबुजला. "गावाला कळलं तर, अण्णा?"

रामाचार्यांच्या पुढच्या फेरीला आम्ही सगळे, लेकरासकट, गुलबर्ग्यात उतरलो. दवाखाना कुठे, ते अच्युतरावांनाही नीट ठाऊक नव्हतं. लाजेपायी महादेवप्पानं टांगेवाल्याला सांगितलं, "डोळ्याच्या डाक्टरकडं." त्यानं इमानानं डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं! दानम्माची नजर उत्तम निघाली. आम्ही तोंडं पाडून परत टांग्यापाशी.

टांगेवाला हसला. "शरमाते कायकू, साब? रामाचार्य साबके पास जाना ना? मेरी घरवालीकू भी वहींच दिखाया मैं. अब रोटियां पकाती, मेरेकू गालियां देती. एकदम अच्छी है!"

रामाचार्य म्हणजे साधा बुटका माणूस. "जरा नळी द्या," म्हणाले. मी फुललो. म्हणजे हाही माझ्याशिवाय पांगळाच! त्यांनी छाती, नाडी, मान, डोळे, सगळं पाहिलं. मग मला टेबलावर ठेवलं, दाराशी नर्स उभी केली आणि बाकीच्यांना बाहेर घालवलं.

"दानम्मा, आता तुम्ही सांगा."

ती बोलेना. ते थांबले. किती थांबावं माणसानं! झोप, भूक, मरावंसं वाटतं का, हेसुद्धा त्यांनी दातांचं विचारावं तितक्या सहज विचारलं. शेवटी ती बोलली.

"लेकराला उचललं की वाटतंय, माझ्या हातनं त्याला कायतरी होईल. म्हणून हात लावत न्हाई. मी राक्षसीण हाय का, साहेब?"

"नाही. बाळंतपणानंतर असा आजार होतो. लेकराला जपायलाच तर तुम्ही लांब राहिलात."

ती ओक्साबोक्शी रडली. मी टेबलावर जळत पडलो होतो. तिच्या काळजापासून बोटभर अंतरावर मी टेकलो होतो, आणि हे वाक्य मला ऐकू आलं नव्हतं!

घरच्यांना आत बोलावून रामाचार्य म्हणाले, "मी अंगारा देत नाही आणि कुणाला कोंडायला आलेलो नाही. आधी शरीर तपासतो, मग ऐकतो, लागलं तर औषध देतो. झोपेसाठी पुड्या लिहिल्यात. रात्री लेकरू आजीकडे. दिवसा आईच्या मांडीवर, आणि शेजारी कुणीतरी बसायचंच. एकटं सोडायचं नाही. दर महिन्याला आणायचं."

"म्हंजे येडी न्हाई?" भागम्मानं विचारलं.

"आजारी आहे. मुदतीचा ताप आला असता तर माहेरी धाडलं असतं का?"

महादेवप्पा खाली बघत आईला म्हणाला, "आळंदला न्हाई म्हणून कळवतो, अव्वा." भागम्मानं लेकरू दानम्माच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः तिला चिकटून बसली. दानम्मानं हात मागे घेतले नाहीत.

ती बरी झाली. सहा-सात महिने लागले. तेव्हापासून अच्युतराव आधी बाईला विचारतात, मला मागाहून उचलतात. माझं रबर आता तडकलंय. हेवा मात्र शाबूत आहे.

तरी सांगतो. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं, तर डॉक्टरला मला बाजूला ठेवायला लावा आणि त्याच माणसाला बोलू द्या. मी टेबलावर पडून जळेन. जळू द्या.