हाताला काम

"उत्कर्षाला उद्यापासून यायची गरज नाही, नानासो," जयराज म्हणाला आणि त्याने चहाचा कप नानासोंच्या पुढे सरकवला. "घाबरू नका, काढत नाहीय. पगार चालू राहील. महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यावर जमा होईल. तिनं फक्त घरी बसायचं."

कपाकडे गेलेला नानासोंचा हात तिथंच राहिला.

"घरी बसून काय करायचं, सायेब?"

"काहीच नाही. तेच तर सांगतोय."

जयराज हा कुपवाडच्या त्या कारखान्यातला कामगार अधिकारी. वय तिशीच्या आतबाहेर, जीभ गोड. कारखान्यात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनत. आठवड्यापूर्वी पॅकिंगच्या खोलीत मालाची ट्रॉली तिथं काम करणाऱ्या आंधळ्या उत्कर्षाच्या पायावर आली होती. ढकलणारा मोबाइलवर बोलत होता, चूक त्याचीच होती. उत्कर्षाचा गुडघा सुजला, दोन दिवसांनी सूज उतरली आणि ती कामावर हजर झाली. पण तेवढ्यात गोष्ट मालकांच्या कानावर गेली. उद्या काही बरंवाईट झालं तर आंधळी पोरगी कामाला का ठेवली असं लोक विचारतील, म्हणून मालकांनी हा मार्ग काढला होता.

"आणि ट्रॉलीवाल्याचं काय?" नानासोंनी विचारलं.

"त्याला समज दिलीय." जयराज जरा पुढं झुकला. "हे बघा, ज्या पुण्याच्या कंपनीला आमचा माल जातो, ती दर वर्षी विचारते, तुमच्याकडं अपंग किती? आम्हाला आकडा लागतो. अजून एक माणूस द्या. त्यालाही असंच, घरबसल्या. बोला, दुसरा कोण देईल तुम्हाला असं?"

दुसरा कोणी देणार नव्हता, हे नानासोंइतकं कुणाला ठाऊक असणार?

सांगलीतल्या एका लहानशा संस्थेत नानासो कारंड्यांनी उभी हयात एकाच कामात घातली होती. आंधळ्या माणसांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या. जुन्या मोटरसायकलवर मागं कुणालातरी बसवून ते शिरवळपासून फलटणपर्यंत आणि कराडपासून मिरजेपर्यंत हिंडले होते. कुपवाडचे वॉचमन तर त्यांना बघताच आत निरोप देत, "आंधळेवाले नाना आल्यात." आत बसलेली माणसं वाईट नसत. कुणी धान्य देई, कुणी ब्लँकेटं, कुणी दिवाळीचा फराळ. काम तेवढं मागू नका म्हणत. सुरवातीला नानासोंनी टेलिफोनच्या बोर्डावर काहीजणांना चिकटवलं, तर बोर्डच गेले. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्यांना गिऱ्हाइकं मिळवून दिली, तर घरोघर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. ज्या कामावर हात बसावा, ते कामच उठून जाई.

उत्कर्षा गोरड ही आटपाडीच्या पुढच्या माळावरची. घरी मेंढरं आणि थोडं डाळिंब. पोरीला जन्मापासून दिसत नव्हतं. बाप, नाथाजी, तिला बाहेर धाडायला तयार नव्हता, तेव्हा नानासोंनी त्याच्याशी अंगणात उभं राहून भांडण केलं होतं. पुढं तिला सांगलीला आणलं, काठी घेऊन चालायला शिकवलं आणि या कारखान्याचा उंबरा झिजवून झिजवून तिला पॅकिंगमध्ये लावलं. रबरी रिंगा पाकिटात भरायच्या, असं काम. तिथल्याच दोन बायांबरोबर ती कुपवाडात खोली घेऊन राहू लागली. पॅकिंगची मुकादमीण सगळ्यांवर ओरडायची, तशी तिच्यावरही ओरडायची. "ए उत्कर्षे, झोपलीस व्हय? हात चालीव!" हे सांगताना उत्कर्षाला हसू आवरायचं नाही. आजवर तिच्यावर कुणी असं ओरडलंच नव्हतं.

पाळी सुटल्यावर नानासो गेटाबाहेर तिची वाट बघत थांबले. चहाच्या गाड्यामागच्या बाकावर तिला बसवून त्यांनी सगळं सांगितलं. तिनं काठीची घडी घातली, परत उलगडली.

"माझं काय चुकलं, नाना?"

"तुझं काय न्हाई गं."

"मग?"

नानासोंनी चहाचे पैसे मोजायला घेतले.

"घरी बसायला मला कोण नको म्हणत हुतं? आई तर बसच म्हणत हुती. तुमीच आलासा. आमच्या बापाबर भांडलासा, मला हितं आणलासा, हातात काठी दिलासा. ते परत घरी नेऊन बसवायसाठी व्हय?"

"तसं न्हाई, बाळ. पगार तर चालूच हाय."

"पगार मी कशाचा घिऊ?"

मग नानासोंनी धनाजीचं नाव काढलं. धनाजी विहिरीवर सुरुंग लावायच्या कामावर होता. एका सुरुंगात दोन्ही डोळे गेले. म्हातारी आई आणि बायको दुसऱ्याच्या रानात राबत होत्या. तीन वर्षं तो नानासोंच्या मागं होता, पण त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"तेला घेतो म्हणत्यात," नानासो म्हणाले. "पण ह्याच अटीवर. तू न्हाई म्हणलीस तर तेचंबी ऱ्हाईल."

रस्त्यावरून दुचाक्यांची रांग चालली होती. ती म्हणाली, "म्हंजे दोघांनी बसायचं."

"थोडं दिवस. मी दुसरीकडं बघतो की."

"तुमी सांगताय म्हणून," ती म्हणाली आणि उठली.

नानासोंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घरी जाताना मात्र आपल्याला इतकं हलकं का वाटलं, याची त्यांना लाज वाटत राहिली.

आटपाडीच्या एसटीत बसवायला खोलीवरच्या बाया आल्या होत्या. एक डोळे पुसत म्हणाली, "नशीबवान हाईस, बाई. आमाला कोण बसून पगार दील?" उत्कर्षानं काठीनं एसटीची पायरी चाचपली.

नाथाजीचा फोन आला तो आनंदाचा. "आवं नानासो, देवमाणूस तुमी! पोरगीबी घरात, पगारबी घरात." धनाजीच्या आईनं संस्थेत पेढे आणून दिले. अध्यक्ष लालासाहेबांनी सभेत नानासोंचं नाव घेतलं.

पहिले काही महिने उत्कर्षाचे फोन येत. "दुसरीकडं काय हाय का, नाना?" "बघतोय गं," नानासो म्हणत. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. हातात काहीच नसलेली पोरं दारात उभी असताना, पगार चालू असलेल्या पोरीसाठी कुठं आणि किती शब्द टाकायचा? तिच्या आईनं, मनुबाईनं, तिला चुलीपाशीही बसू द्यायचं सोडलं होतं. पगारदार पोरीनं कशाला हात भाजून घ्यायचा? होता होता फोन यायचे थांबले.

डिसेंबरात पुण्याच्या कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार होती. त्यानिमित्तानं अपंग कामगारांचा सत्कार ठरला. उत्कर्षाला आणि धनाजीला आणायला गाडी गेली. दोघांना कोरे गणवेश घातले, मंडपात पहिल्या रांगेत बसवलं. नानासो बाजूलाच होते. भाषणं झाली. पुण्याच्या मॅडम मनानं चांगल्या होत्या. गुच्छ देऊन झाला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माइक उत्कर्षापुढं धरला आणि मायेनं विचारलं, "कुठल्या विभागात असतेस तू?"

"पॅकिंगमध्ये, मॅडम," जयराज घाईनं म्हणाला.

"तिला बोलू दे की."

"कुठल्याच न्हाई, मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "मी घरी असते."

मागं कुणीतरी हसलं.

"म्हणजे सुट्टीवर आहेस का?"

"न्हाई. येऊ नको म्हणून सांगितलंय. पगार देत्यात, काम देत न्हाईत. मला काम येतं. रिंगा भरायचं."

तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून तिनं सांगितलं होतं. मॅडमनी मालकांकडं बघितलं, मालकांनी जयराजकडं बघितलं आणि जयराजची नजर नानासोंवर येऊन थांबली. उठून चार शब्द बोलावेत, पोरगी खरं सांगतीय म्हणावं, असं नानासोंच्या मनात आलं. तोंड उघडलंही. पण शेजारच्या खुर्चीवरच्या धनाजीनं चाचपत त्यांची बाही घट्ट धरली होती. नानासो आपल्या चपलांकडं बघत बसले.

पुढचं सगळं भराभर झालं. खोटा आकडा दाखवल्याबद्दल पुण्याच्या कंपनीनं खुलासा मागितला. मालक म्हणाले, नकोच ही ब्याद. दोघांनाही काढलं. "आम्ही भलं करायला गेलो," जयराज फोनवर म्हणाला. "आता तुमच्या संस्थेतलं माणूस आमच्या दारात नको."

धनाजीची आई, दगडाबाई, संस्थेत आली ती बसलीच नाही. धनाजी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं उभा होता.

"तिला काम पायजे हुतं, आमाला भाकर पायजे हुती," ती म्हणाली. "तुमी दोघांना एका दावणीला कशाला बांधलासा, नाना?"

"आये, चल," धनाजी म्हणाला.

नाथाजीनं फोनवर तोंडाला येईल ते सुनावलं. हातातोंडाशी आलेला घास पोरीनं मातीत घातला होता. नंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

उन्हाळ्यात एक दिवस नानासो मोटरसायकल काढून आटपाडीकडं गेले. जवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. सांगलीत, मिरजेत, अगदी साताऱ्यापर्यंत त्यांचं तिच्यासाठी विचारून झालं होतं. मंडपातली गोष्ट त्यांच्या आधी सगळीकडं पोचलेली असे.

नाथाजी अंगणात मेंढराच्या पायाला औषध लावत होता. त्यानं या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही.

"न्हाई हितं ती. पाटलाच्या सोप्यात बसलीया, बायांत. आमी तिच्याबर बोलत न्हाई."

पाटलाच्या घराच्या पुढच्या सोप्यात बियाणासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. दहाबारा बाया पाट्या पुढं घेऊन बसल्या होत्या आणि शेंगांचा कडाकड आवाज होत होता. उत्कर्षा भिंतीकडेला होती. अंगठ्याला आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती एकेक शेंग दाबून फोडत होती, दाणे घमेल्यात आणि टरफलं मांडीशेजारी टाकत होती.

"उत्कर्षा, तुझ्याकडं कोण आलंय गं," एक बाई म्हणाली.

"मी हाय. नाना."

तिचे हात थांबले नाहीत. "काम घिऊन आलासा?"

"न्हाई."

"मग बसा. एवढी पाटी होऊ द्या."

नानासो खांबाला टेकून खाली बसले. मघाची बाई आपणहून सांगू लागली. जिच्या तिच्या घमेल्यातल्या दाण्यांच्या वजनावर पैसे मिळतात, काम पंधराएक दिवसांचंच. पुढल्या साली पाटील यंत्र आणणार म्हणतात, मग बायांना कोण बोलावतंय?

"धनाजी काय करतोय?" उत्कर्षानं मधेच विचारलं.

वाटेत नानासोंनी याचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. लागलाय कुठंतरी, असं सांगायचं. आता ते तोंडातून निघेना.

"घरीच हाय."

तिचे हात थांबले. भोवती बाकीच्यांचं काम तसंच चालू होतं.

"मला शिव्या देत असंल."

"न्हाई गं. नावबी काढत न्हाई."

"द्यायला पायजेत," ती म्हणाली. मग तिनं चाचपून पाटीतली शेंग उचलली आणि दाबली. फुटली नाही. दोन्ही अंगठे लावून तिनं ती परत दाबली.

नानासोंना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनीही तिच्या पाटीतल्या शेंगा घेतल्या आणि फोडून दाणे तिच्या घमेल्यात टाकू लागले. दोनचार शेंगा झाल्या असतील, तेवढ्यात तिनं मान वळवली.

"माझ्यात कोण टाकतंय?"

"मीच हाय. तेवढंच हलकं."

"काढून घ्या, नाना," ती शांतपणे म्हणाली. "माझं मला भरू द्या."

नानासो घमेल्यावर वाकले. आपले दाणे कुठले आणि तिचे कुठले, ते काही ओळखता येईना. अंदाजानं त्यांनी थोडे उचलले, आपल्या मुठीत धरले आणि तिची पाटी व्हायची वाट बघत बसून राहिले.