एकाच बाटलीचे भाव

माणसाच्या जिवाचं मोल करता येत नाही. कारखान्याच्या खरेदी विभागात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या साहेबांना हे तत्त्व पूर्ण मान्य होतं. मोल करता येत नसेल, तर निदान तीन ठिकाणचे भाव मागवून ठेवावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तीन कोटेशनांशिवाय साहेबांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. बॉयलर नाही, झाडू नाही. "मलासुद्धा तिसऱ्या ठिकाणी बघून पसंत केलंय," असं त्यांची बायको चारचौघांत सांगे आणि साहेब ते नाकारत नसत. त्यामुळे तिच्या स्तनातली गाठ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी "येत्या गुरुवारी पहिली केमो" असं म्हणून इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून दिलं, तेव्हा साहेबांनी तो कागद घडी न घालता वरच्या खिशात ठेवला. मागणीपत्र असंच ठेवायचं असतं.

इस्पितळाच्या औषध-खिडकीवर भाव ऐकून त्यांनी मनातल्या मनात पासबुक उघडलं. पैसे होते. म्हणजे घर रंगवायचे आणि स्वतःचे दात बसवायचे मिळून होते. पण रात्री परदेशातल्या भाच्याचा फोन आला आणि त्याने भाव ऐकून हसायलाच सुरुवात केली.

"एवढंच, मामा? आमच्याकडे तेवढ्यात बाटलीचं झाकण येईल."

"तेच औषध?"

"तेच. नेटवर बघतोय ना, पेटीसुद्धा तुमच्याकडच्यासारखीच जांभळी."

साहेब ताठ बसले. एकच माल, एकच पेटी, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक! खरेदी विभागात असं घडलं असतं तर कुणाची तरी चौकशी लागली असती.

या घरात परदेशांना नावं नव्हती. भाच्याचा देश, मेहुण्याचा देश आणि धाकट्या बहिणीचा देश, असं जगाचं वाटप झालेलं होतं. साहेबांनी तिन्ही देशांना चौकशीचा मेसेज टाकला. "दर किती दिवस वैध राहील" हेही त्यात विचारलं होतं.

भाच्याने छापील किंमत कळवली आणि वर लिहिलं, की ती कुणीच देत नाही. साहेबांनी लगेच फोन लावला.

"मग छापतात कशाला?"

"विमा कंपनी घासाघीस करते ना मामा. घासायला काहीतरी उंच लागतं."

"आणि ज्याचा विमा नाही तो?"

"तो छापील देतो."

साहेबांनी हे दोनदा ऐकून घेतलं.

मेहुण्याचा भाव इतका खाली होता की साहेबांना आधी शून्य राहून गेलंसं वाटलं. "नाही हो भावोजी," मेहुणा म्हणाला, "इथे सरकार अख्ख्या देशाची खरेदी एका दमात करतं. कंपनीला सांगतं, या भावात देतोस की दुसऱ्याकडे जाऊ?"

"अख्ख्या देशाची?" साहेबांचा आवाज देवळात उभं राहिल्यासारखा झाला. "त्या साहेबाचं नाव काय?"

"कुठल्या?"

"खरेदी करतो त्या."

मेहुण्याला नाव माहीत नव्हतं. पण त्याचा एक मित्र पुढच्या आठवड्यात येणार होता, त्याच्यासोबत बाटल्या पाठवता येतील म्हणाला.

बहिणीच्या देशात मात्र गोंधळ झाला. तिथे पेशंटला औषधाचे पैसेच पडत नाहीत, त्यामुळे किंमत कुणालाच ठाऊक नाही. ही बिचारी इस्पितळात जाऊन खिडकीवर विचारायला लागली, तर तिला हळुवारपणे आत नेऊन बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि एका बाईने तिचा हात धरून विचारलं, की घरी कुणाला सांगितलंय का. तिथे बाकावर बसलेल्या ओळखीच्या बाईने ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत साहेबांना दोन नातेवाइकांचे फोन आले, की धाकटीची बातमी ऐकली, तिला धीर द्या.

"दादा, मी काही परत जाणार नाही हं," बहीण म्हणाली. "त्यांनी मला समुपदेशनाची तारीख दिलीये!"

म्हणजे दोनच कोटेशनं. इस्पितळाचा भाव धरता येईना, कारण औषध लिहून दिलं इस्पितळानेच, आणि मागणी करणाऱ्याने स्वतःच पुरवठा करणं नियमात बसत नाही. जेवताना साहेबांनी विषय काढला.

"गुरुवारचं आठवडाभर पुढे ढकलू या का? तिसरा भाव येईल, मेहुण्याचा मित्रही येईल."

"माझं औषध त्याच्या बॅगेत चपलांशेजारी बसून येणार?"

"पिशवीत बर्फ घालून आणेल गं."

तिने ताटातला घास ताटातच ठेवला. "अहो, तुम्ही विचारत बसलात की तुम्हाला बरं वाटतं, हे मला कळतं. तुम्ही विचारा. पण मला बरं वाटायला गुरुवारीच जावं लागेल. येणार असलात तर या, नाहीतर मी रिक्षा करीन."

साहेबांनी मान डोलावली. तिसऱ्या कोटेशनाविना त्यांनी आयुष्यातली पहिली खरेदी मंजूर केली.

गुरुवारी ती खुर्चीत पाय पसरून बसली. साहेब मात्र देशोदेशीच्या भावांचा तक्ता घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभे राहिले. त्यांना वाटलं, बाई हाकलून देतील. बाईंनी उलट चष्मा काढून तक्ता डोळ्यांजवळ धरला.

"मेहुण्यांकडे खरंच इतकं स्वस्त?"

"घाऊक," साहेब अभिमानाने म्हणाले.

"आणि असं का, ते मला विचारताय? अहो, मलाच कुणी सांगेल का म्हणून मी बघत्येय." बाईंनी तक्त्याचा फोटो काढून घेतला. "बहिणीच्या देशाचं कळलं तर मलाही सांगा."

साहेबांना फार बरं वाटलं. ते बायकोच्या खुर्चीपाशी आले. नर्स सलाइनचे थेंब मोजून लावत होती.

"सिस्टर, पुढच्या वेळचं इंजेक्शन आम्ही मेहुण्याच्या देशातून मागवतोय. दहापट स्वस्त. बर्फात घालून येईल. कुठे जमा करायचं?"

नर्सने नळीवरून नजर काढली नाही.

"बाहेरून आणलेलं औषध इथे लावत नाहीत, काका."